मापाड्याचा हात

बँक धुवायला घरच्या माणसांशिवाय कोणी आलं नाही.

सुनेने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. उन्हं वर यायच्या आत ती पाण्याच्या घागरी घेऊन पोचली. मागून नवरा खराटा आणि चुन्याची बादली घेऊन आला. रस्त्यापलीकडच्या ओट्यावर चारदोन माणसं बसली होती, ती नुसती बघत राहिली. त्यातला एकजण म्हणाला, "धुवा, धुवा. चांगलं घासून धुवा. पण डाग भिंतीला नाही, घराण्याला आहे."

नवऱ्याचा खराटा थांबला.

"तुम्ही झाडा हो," सून म्हणाली. "जिभेला हाड नसतं. चालू दे तिची ती, दमेल."

बँक म्हणजे गावाच्या टोकाची एक दगडी खोली. तिच्यात पैसा नव्हता, बी होतं. सुगी झाली की ज्याने त्याने आपल्या निवडक कणसांची ज्वारी आणून तिथल्या पत्र्याच्या मोठ्या कोठीत ओतायची. पेरणीला ज्याला लागेल त्याने न्यायची आणि पुढच्या सुगीला मूठभर वाढवून परत आणायची. ज्याचं पीक बुडालं, ज्याच्याकडे ओतायला काहीच नाही, त्यालाही पेरायला मिळायचं. सून लग्न होऊन या घरात आली त्याच्या कितीतरी आधीपासून हे चालत आलं होतं. गेल्या वर्षी बँकेच्या अध्यक्षाने गुपचूप कोठी उपसून ते बी चढ्या भावाने विकलं आणि मेव्हण्याच्या गोदामात तापून जुनी झालेली ज्वारी तिच्यात भरून ठेवली. दिसायला तशीच, खायलाही चालणारी, पण आतून मेलेली. लोकांनी ती पेरली. पाऊस वेळेवर आला आणि रानं उघडीच राहिली.

अध्यक्ष आता कोर्टाच्या तारखांना जात होता. पण ते बी लोकांच्या पदरात माप भरभरून घातलं होतं ते मापाड्याने, म्हणजे सुनेच्या सासऱ्याने.

आणि मापाड्या नुसता माप भरणारा माणूस नव्हता. बी देताना तो पहिली मूठ हातात घ्यायचा, डोळे मिटायचा, अंगठ्याने दाणे चोळायचा आणि म्हणायचा, "जिवंत आहे." त्याने हे म्हटल्याशिवाय लोक पोतं पुढे करत नसत. लहान पोरंही त्याच्यासारखे डोळे मिटून खेळायची. गेल्या वर्षीही त्याने डोळे मिटले होते आणि म्हटलं होतं, "जिवंत आहे. सोनं आहे सोनं."

अध्यक्ष पदावरून गेल्यावर सभा भरली. बँक चालवायची की खोली बैल बांधायला द्यायची, एवढाच प्रश्न होता. किल्ली कोणी घेईना. कोणीतरी चेष्टेने म्हणालं, "ज्या घराने बुडवली त्याच घराने आता तारावी." सगळे हसले. मागे बायकांत बसलेली सून उठली, पुढे गेली, टेबलावरची किल्ली तिने कमरेला खोचली आणि कोणाकडे न बघता घरी चालती झाली.

आता ती पदर खोचून कोठीच्या तोंडातून आत उतरली. आत तव्यासारखं तापलेलं. तळाशी राहिलेली ज्वारी पत्र्याला चिकटून बसली होती, तिच्यात किड्यांनी जाळी विणली होती. विळ्याने खरवडताना भुकटी डोळ्यांत, नाकात, मानेवरून पाठीत उतरत होती. पाटीमागून पाटी तिने वर दिली. खांदे भरून आले तेव्हा ती क्षणभर पत्र्याला टेकली आणि चटका बसून लगेच उभी राहिली.

"एवढं पोतं बाजूला राहू द्या," बाहेर आल्यावर ती म्हणाली. "कोर्टवाले मागतील."

"मागू देत," नवरा म्हणाला. "केस झटक आधी. भूत दिसतेस."

"भुताला तरी लोक घाबरतात."

दारात सासू येऊन उभी होती. ती घागरी परत न्यायला आली होती. चुना लावलेल्या भिंतीकडे बघून म्हणाली, "चुना छान लावलाय. आधीही लावला होता म्हणा लोकांना."

दुसऱ्या दिवसापासून सून दारोदार हिंडली. यंदा ज्याने त्याने बाजारातून महागडं बी आणून पेरलं होतं, आणि आता सगळ्यांच्या खळ्यांवर उफणणी चालली होती. वारा बेताचा होता. बायका सूप उंच धरून ज्वारी सोडायच्या, भूस लांब उडून जायचं. ती आली की सुपं खाली यायची, आणि भुशाचा झोत वाऱ्याने फिरून तिच्या अंगावर यायचा तेव्हा कोणी तिला बाजूला हो म्हणायचं नाही.

लोहाराने भाता थांबवला नाही. त्याची दोन तुकडे जमीन होती आणि गेल्या वर्षी दोन्ही तुकडे रिकामे गेले होते. भात्याच्या आवाजावरून ओरडून तो म्हणाला, "सूनबाई, तुझ्याशी माझं काही वैर नाही. पण मला एक सांग. तुझ्या सासऱ्याला कळलं होतं की नव्हतं?"

"त्यांनाच विचारा."

"विचारलं. तोंड फिरवलं त्याने. कळलं असून दिलं तर तो चोर. दुसरं काही असेल तर त्याने बोलावं. माझी बायको त्याच्या मुठीकडे बघून पोतं पुढे करायची, माझ्याकडे बघून नव्हे."

"बी आणाल का ते सांगा."

"आणीन. पण माझं पोतं वेगळं, त्याला माझी गाठ, आणि पेरणीला माझंच मला."

हेच तिला घरोघर ऐकायला मिळालं. कोणी म्हणालं मडक्यात भरून तोंड लिंपून ठेवतो, कोणी म्हणालं पेटीत. मळेवाले तर वाटच बघत बसले होते. गावात सगळ्यात मोठं रान त्यांचं. त्यांनी तिला बसायला चटई टाकली, पाणी दिलं, आणि म्हणाले, "ट्रॉलीभर बी देतो. गावात मी दिलं की सगळे देतील, हे तुलाही माहीत आहे. मधे एक भिंत घाल, मला वेगळी कोठडी दे, किल्ली माझ्याकडे राहील."

"मग ती बँक कशाला म्हणायची, काका? तुमच्या घरात जागा कमी आहे का?"

"जीभ जरा जास्तच चालते तुझी."

"चालायचं तेवढं तेच राहिलंय आता. कोठी एकच राहील. सगळ्यांचं एकात."

"मग रिकामी राहील," मळेवाले हसून म्हणाले.

परतताना उतारावर तिला शेळीवाली भेटली. म्हातारी, एकटी, डोंगराच्या अंगाला वितभर रान. गेल्या वर्षी काहीच उगवलं नाही, यंदा बी विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून तिच्याकडे ओतायला दाणा नव्हता. ती शेळ्या थांबवून म्हणाली, "पोरी, सगळे आपापलं बांधून ठेवणार म्हणे?"

"म्हणतात तसं."

"मग माझं काय गं? मी काय लेंड्या पेरू?"

सून हसली, पण घरापर्यंत ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नाही.

मापाड्या परसात पाठमोरा बसून दोर वळत होता. रानं रिकामी गेल्यापासून तो रस्त्यावर येत नव्हता. दोर वळायचा, उसवायचा, पुन्हा वळायचा. सुनेने त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती तिथेच बसली.

"मामंजी, तुम्हाला कळलं होतं का?"

दोर चालूच राहिला.

"लोक चोर म्हणतात."

"म्हणू दे. ज्याचं त्याच्यापाशी."

"तुम्ही चोर नाही, हे मला माहीत आहे. चोराच्या घरात लग्न होऊन आले असते तर अंगावर काहीतरी दागिना असता."

आत सासूने भांडं आपटलं. ते रागाने की हसून, कळलं नाही.

"तुम्हाला कळलं नाही," सून म्हणाली. "एवढंच आहे ना? मग चारचौघांत सांगा की, मला कळलं नाही."

मापाड्याने दोर खाली ठेवला. त्याचे हात मोठे होते, बोटांच्या पेरांना वर्षानुवर्षांच्या दाण्यांनी गुळगुळीत घट्टे पाडले होते. तो म्हणाला, "सगळी हयात माझ्या हातावर लोकांनी पेरणी केली. आता सांगू, की हाताला काही कळत नाही?"

"हो."

"त्यापेक्षा चोर बरा. चोराला अक्कल असते, एवढं तरी लोक धरून चालतात."

"चोराच्या घरी कोणी बी ठेवत नाही, मामंजी. गाढवाच्या घरी ठेवतील."

नवरा दारातून पुढे आला. "अगं, कोणाशी बोलतेस!"

"ज्यांच्याशी बोलायला हवं त्यांच्याशीच बोलते. तुम्ही मुलगा आहात, तुम्ही बोलायला हवं होतं. गाव रोज मला बोलतं ते चालतं तुम्हाला."

मापाड्या उठून गोठ्याकडे गेला. त्या दिवशी तो जेवला नाही. सासूने ताट झाकून ठेवलं आणि भांडी घासताना सुनेला म्हणाली, "तू जे बोललीस ते मी लग्न झाल्यापासून बोलायचं म्हणत होते. पण गाढव हा शब्द मला सुचला नसता."

कोठीच्या भरणीचा दिवस उजाडला. सुनेने बँकेचं दार सताड उघडून दगड लावून ठेवलं. अंगणात गर्दी झाली, पण सगळे रिकाम्या हातांनी. गंमत बघायला कोणाला पोतं लागतं? सून आणि नवऱ्याने घरचं पोतं आणून कोठीच्या कडेला टेकवलं. पुढे कोणी सरकेना. ऊन चढत गेलं, लोक भिंतीच्या सावलीबरोबर मागे सरकत गेले.

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत मळेवाल्यांची पोती आणि पोत्यांवर मळेवाले. आपल्या ट्रॅक्टरवर पोऱ्या बसवण्याऐवजी त्यांनी मुद्दाम सुनेच्या नवऱ्यालाच निरोप पाठवून त्याचा भाड्याने चालणारा ट्रॅक्टर बोलावला होता. भाड्याला नाही म्हणण्यासारखे दिवस नव्हते. तो मघाशी हळूच उठून गेला होता तो त्यासाठीच. आता तो ट्रॅक्टर चालवत खाली मान घालून बसला होता.

मळेवाले उतरले नाहीत. वरूनच म्हणाले, "आणलंय बघ. भिंत घालतेस का सांग. नाहीतर न्यायला वेळ लागत नाही."

"नाही घालत."

"सगळ्यांदेखत विचारतो. तुझ्या घरच्यांनी एकदा आमच्या हातात मेलेलं घातलं. आम्ही पुन्हा डोळे मिटून ओतावं, असं तुझ्यात आहे काय?"

"काही नाही," सून म्हणाली. "डोळे मिटा असं मी कुठे म्हणाले?"

"मग तो डोळे मिटणारा कुठाय? लपला?"

"लपलो नाही. आलोय," मागून आवाज आला.

मापाड्या आला होता. धुतलेला सदरा, खांद्यावर पंचा. गर्दीने वाट दिली, पण अशी की अंगाला अंग लागू नये. तो सुनेकडे न बघता खोलीत गेला आणि कोपऱ्यातलं ते कोर्टासाठी ठेवलेलं पोतं ओढत बाहेर घेऊन आला. घरचं पोतंही आणून त्याने त्याच्या शेजारी ठेवलं. मग पंचा काढून लोहाराकडे दिला.

"माझे डोळे बांध."

"काय तमाशा आहे?" लोहार म्हणाला.

"बांध. घट्ट बांध. या दोन पोत्यांतलं मला न सांगता एक-एक मूठ माझ्या हातात दे. एक मेलेलं, एक जिवंत."

लोहाराने बांधला. लोहाराने मूठ भरून त्याच्या हातात ठेवली. मापाड्याने तसंच केलं, जसं तो कायम करायचा. मान किंचित मागे, अंगठा दाण्यांवरून फिरतोय, ओठ घट्ट. बायकांनी नकळत पदर पुढे घेतले. बी घ्यायला घ्यायच्या तसे.

"जिवंत आहे," तो म्हणाला.

"मेलेलं आहे," लोहार म्हणाला.

"दुसरी दे."

दुसरी मूठ त्याने जास्त वेळ चोळली. वास घेतला. कपाळावरून घाम पंच्यात उतरला. "हे मेलेलं."

"हे तुझ्या घरचं आहे रे, या सुगीचं."

"पुन्हा दे."

पुन्हा चुकला. पुढची एक बरोबर आली, तेव्हा कोणीतरी टाळी वाजवायला गेलं आणि त्याच्या पुढची परत चुकली. कोपऱ्यात शेळीवाली तोंडाला पदर लावून हसायला लागली. ती थांबवायला गेली तशी जास्तच हसली. मग तिच्या शेजारची हसली, मग पुरुष हसले, आणि शेवटी अंगणभर हसू झालं. हसणं काही मायेचं नव्हतं. ज्या मुठीकडे बघून त्यांनी आयुष्यभर पोती पुढे केली त्या मुठीचं हसू होतं ते.

मापाड्याने पंचा सोडला. त्याचा चेहरा उकडल्यासारखा लाल झाला होता, पण तो उभा राहिला.

"हसा," तो म्हणाला. "मला कळलं नव्हतं. पूर्वी कळत होतं का, तेही आता सांगता येत नाही. तुम्ही दरवर्षी चांगलंच बी आणत होता. ते चांगलं होतं म्हणून मी बरोबर होतो. एकदाच वाईट आलं, तर मी त्याला सोनं म्हणालो."

हसू विरलं. लोहार आपल्याच हातातले दाणे चोळून बघत होता. त्याने डोळे मिटले, उघडले, आणि दाणे परत पोत्यात टाकले.

"झालं?" मळेवाले वरून म्हणाले. "म्हणजे आता चोर नाही तर आंधळा आहे. त्याच्या भरवशावर ओतू?"

"त्यांच्या नका ओतू," सून म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "माझ्याही नका. माझा भरवसा धरा असं सांगायला मी कोणाच्या दारात गेले नव्हते, बी मागायला गेले होते. ज्याचं जे पोतं येईल त्यातली मूठभर ज्वारी ओल्या गोणपाटात बांधून या दाराबाहेर लटकेल. रस्त्यावर, सगळ्यांच्या समोर. उगवली तर पोतं कोठीत, नाही तर ज्याचं त्याने घरी न्यायचं, मग तो कोणी का असेना. पेरणीच्या आधी कोठीतलं असंच पुन्हा बांधायचं. पाणी कोणीही घालावं, सोडून कोणीही बघावं. पण कोठी एकच. भिंत नाही, गाठ नाही, मडकं नाही. शेळीवाल्या मावशींना पहिलं माप मिळेल आणि आमच्या घराला शेवटचं. पटत नसेल त्याने आपलं पोतं उशाला घेऊन झोपावं."

"मग माझं उशालाच राहू दे," मळेवाले म्हणाले. "चल रे, फिरव गाडी."

नवऱ्याने ट्रॅक्टर चालू केला नाही. तो मागे वळून म्हणाला, "मालक, परतीचं भाडं वेगळं पडेल."

या वेळी हसू मळेवाल्यांच्या वाट्याला आलं. ट्रॉली गेली. तिच्याबरोबर गावातलं सगळ्यात जास्त बी गेलं, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. सुनेलाही. तिने दाराच्या चौकटीला खिळा ठोकला, घरच्या पोत्यातली मूठ गोणपाटात बांधली, पाण्यात बुडवून लटकवली. पाणी उंबऱ्यावर ठिपकत राहिलं.

त्या दिवशी कोणी काही आणलं नाही. दुसऱ्या दिवशी लोहाराची बायको मूठभर ज्वारी घेऊन आली, पोतं नाही. "नुसतं बघते," म्हणाली. मग एकेक पुरचुंडी येत गेली. चौकटीवर जागा पुरेना तेव्हा मापाड्याने आपला दोर आणून दारावरून रस्त्याकडेच्या झाडापर्यंत बांधला. येताजाता लोक पुरचुंड्या सोडून बघायचे, एकमेकांच्याही. ऊन कडक होतं, गोणपाटं तासात वाळायची. सासू शिव्या देत देत पाणी मारायची. "बँक म्हणे. तान्ह्या पोरांच्या लंगोट्या वाळत घातल्यासारखं दिसतंय."

मग कोंब आले. बहुतेकांचे पांढरेशुभ्र, दाट. एका पुरचुंडीत मात्र अर्धेच उगवले. ती त्या ओट्यावर बसून बोलणाऱ्याची होती. त्याने मुकाट्याने पुरचुंडी सोडून घेतली, सुनेने त्याच्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाली, "पेरणीला या. तुम्हालाही मिळेल."

लोहार पोतं खांद्यावर घेऊन आला तेव्हा त्याच्या मागे सात-आठ जण होते. सगळ्यांचे कोंब दारावर होते, सगळ्यांचं चांगलं होतं, आता फक्त ओतायचं होतं. लोहार शिडीच्या दोन पायऱ्या चढला, पोतं कोठीच्या काठावर टेकवलं, गाठ सोडली, आणि पोत्याचं तोंड मुठीत धरून तसाच उभा राहिला. खालची माणसं आपापली पोती पोटाशी धरून त्याच्याकडे बघत होती.

"ओत की," मापाड्या खालून म्हणाला. तो शिडी धरून उभा होता. "हात भरून येतील."

"ओततो." लोहाराच्या कपाळावर शीर उठली होती. "सूनबाई, एकदा ओतलं की माझं मला परत काढता येणार नाही ना?"

सून कोठीच्या पलीकडच्या बाजूला उभी होती. काहीतरी गोड बोलण्याची हीच वेळ होती, आणि तिलाही ते ठाऊक होतं.

"नाही," ती म्हणाली. "तुमचं कोणतं, ते मग कोणालाच सांगता येणार नाही."

लोहाराने मूठ सैल केली. ज्वारी सुनेच्या घरच्या, आधीच ओतलेल्या ज्वारीवर पडली, सरकली, पत्र्यावर आवाज करत पसरली. धूळ वर आली आणि तो खोकत खाली उतरला. पुढच्याने पोतं वर दिलं.

दिवसाच्या शेवटी कोठी सुनेच्या कमरेइतकी भरली. पूर्वी ती काठोकाठ असायची. बँकेचा चिटणीस आत डोकावून म्हणाला, "एवढंच? यात गाव कसं पेरणार? लावून टाक दार."

सुनेने दाराचा दगड पायाने आणखी आत सरकवला आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "लावत नाही. अजून जागा आहे."